भाषेचं दार उघडणारा मास्तर

परकी भाषा वाचायला घेतली की तिसऱ्याच ओळीत गाडी अडते? साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मास्तराने या दुखण्यावर औषध शोधलं होतं. घर, माणसं, पुस्तकं, देश असं सगळं गमावलेल्या यान आमोस कोमेनियसची ही गोष्ट.

तुमच्यापैकी कुणी सध्या जर्मनच्या क्लासला जात असेल, कुणी जपानीच्या. कुणी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर येऊन पडलं असेल. आणि मग सगळ्यांचं होतं तेच तुमचंही झालं असेल. पहिली ओळ कळते, दुसरी अर्धी कळते, तिसऱ्या ओळीत एक शब्द अडतो. मोबाइलवर अर्थ बघता. पुढच्या ओळीत अजून दोन शब्द अडतात. पान संपेपर्यंत समासात पेन्सिलीने लिहिलेल्या अर्थांची रांग लागते, पण त्या पानात नेमकं काय म्हटलंय, हे कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

अशा वेळी आपण स्वतःलाच दोष देतो. आपलं डोकंच भाषेचं नाही, असं ठरवून मोकळे होतो. पण दोष डोक्याचा नसून शिकवण्याच्या पद्धतीचा असू शकतो, हे एका माणसाने सतराव्या शतकात ठणकावून सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर त्यासाठी पुस्तकं लिहिली. त्याचं लॅटिन नाव योहान आमोस कोमेनियस. त्याच्या मायबोलीत, म्हणजे चेक भाषेत, यान आमोस कोमेन्स्की.

सोळाव्या वर्षी पहिल्या बाकावर

२८ मार्च १५९२ रोजी मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्याचा जन्म झाला. घर चेक बंधूंच्या एका छोट्या प्रोटेस्टंट पंथातलं. हा पोरगा जेमतेम बारा वर्षांचा असताना आईवडील गेले, दोन बहिणीही गेल्या. मग नातेवाइकांकडे राहणं आलं. शिक्षणाची आबाळ झाली ती झालीच. लॅटिन शाळेत तो दाखल झाला तेव्हा त्याचं वय सोळा होतं. वर्गातली बाकीची पोरं त्याच्याहून कितीतरी लहान.

आता लॅटिन म्हणजे काय होतं, तेही बघा. आज इंग्रजीचं जे आहे ना, तसंच त्या काळातल्या युरोपात लॅटिनचं होतं. विद्यापीठ, वैद्यक, कायदा, धर्म, सगळीकडे लॅटिन. ते आलं नाही तर पुढची सगळी दारं बंद. आणि ते शिकवायचे कसे? पहिल्या दिवसापासून व्याकरणाचे नियम. तेही लॅटिनमध्येच लिहिलेले! म्हणजे जी भाषा यायची आहे, त्याच भाषेतले नियम घोकायचे. अर्थ कळो न कळो, पाठ म्हणायचं. चुकलं की छडी. वर्षानुवर्षं हे चालायचं, आणि शेवटी पोराला नियम धडाधड म्हणता यायचे, पण समोर साधा उतारा ठेवला की घाम फुटायचा.

हे सगळं कोमेनियसने सोळाव्या वर्षी पाहिलं. आणि याच उशिराचा त्याला फायदा झाला. लहान पोरं छडी खातात आणि विसरतात. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र आपलं नेमकं कुठे अडतंय हे दिसत असतं. शिकवण्याची ही तऱ्हा चुकीची आहे, हे त्याच्या मनात तिथेच पक्कं बसलं.

पुढे तो जर्मनीत हेरबोर्न आणि हायडेलबर्ग इथे शिकला. हायडेलबर्गमध्ये असताना, १६१४ मध्ये, त्याने एक भलतीच खरेदी केली: कोपर्निकसच्या स्वतःच्या हातचं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणाऱ्या ग्रंथाचं हस्तलिखित. खिशात मग काही उरलं नाही आणि घरापर्यंत तो चालत गेला, असं सांगतात. पुस्तकांचं वेड कशाला म्हणतात, ते यावरून कळावं.

सगळं जळून गेलं तेव्हा

मायदेशी परतून तो आधी शिक्षक आणि मग धर्मोपदेशक झाला. फुलनेक नावाच्या गावात संसार मांडला. आणि मग युरोपात तीस वर्षं चाललेलं ते युद्ध पेटलं. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत प्रोटेस्टंट बाजू हरली आणि विजयी कॅथलिक सम्राटाच्या राज्यात त्याच्या पंथाच्या लोकांना थारा उरला नाही. कोमेनियसला घर सोडून लपावं लागलं. १६२२ मध्ये प्लेगने त्याची बायको आणि दोन्ही मुलं नेली. पुढच्याच वर्षी फुलनेकमध्ये त्याची पुस्तकं जाळण्यात आली. तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडत होता.

लपून राहिलेल्या त्या दिवसांत त्याने मायबोलीत एक पुस्तक लिहिलं. जगाच्या चक्रव्यूहात फिरणाऱ्या एका वाटसरूची ही गोष्ट आज चेक साहित्यातली मोठी कृती मानली जाते.

१६२८ मध्ये शेवटी त्याने देश सोडला. आपल्या लोकांबरोबर तो पोलंडमधल्या लेश्नो गावी गेला. परिस्थिती निवळली की परत जाऊ, अशी आशा होती. तो परत कधीच गेला नाही. पुढची ४२ वर्षं तो निर्वासितच राहिला.

पोटासाठी लेश्नोच्या शाळेत शिकवायला लागला. आणि त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून जे घोळत होतं, ते बाहेर आलं.

हजार वाक्यांचं दार

१६३१ मध्ये त्याचं पुस्तक छापून आलं. नावाचा अर्थ साधारण असा: भाषांचं उघडलेलं दार. कल्पना मुळात त्याची नव्हती. स्पेनमधल्या सालामांका इथल्या आयरिश जेझुइटांनी १६११ मध्ये असं एक पुस्तक काढलं होतं. लॅटिनमधले रोजच्या वापरातले शब्द शेकडो वाक्यांत गुंफायचे, म्हणजे ती वाक्यं वाचली की शब्दसंपत्ती हातात, असा त्यांचा बेत. जेझुइट म्हणजे कट्टर कॅथलिक, आणि कॅथलिक सत्तेनेच तर कोमेनियसला देशोधडीला लावलेलं. तरी त्याने आपल्या प्रस्तावनेत त्यांचं ऋण मान्य केलं. चांगली कल्पना कुणाकडूनही घ्यावी, एवढं मोठं मन त्याच्यापाशी होतं.

पण त्या पुस्तकात त्याला एक खोट दिसली. वाक्यं सुटी सुटी होती. एक राजाबद्दल, पुढचं मिठाबद्दल, त्यापुढचं रागाबद्दल. वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीच चित्र उभं राहत नाही. कोमेनियसने काय केलं? शंभर प्रकरणं आणि सुमारे हजार वाक्यं घेतली. त्यांत साधारण आठ हजार शब्द बसवले. आणि ती प्रकरणं जगाच्या रचनेप्रमाणे लावली: आधी आग, पाणी, माती, मग झाडं, प्राणी, माणसाचं शरीर, मग शेती, धंदे, घर, शाळा, शहर. सुरुवातीची वाक्यं अगदी छोटी, पुढे हळूहळू लांब आणि गुंतागुंतीची. शेजारी मायबोलीतलं भाषांतर.

यातली युक्ती लक्षात आली का? भाकरी कशी करतात हे पोराला माहीतच असतं. मग भाकरीबद्दलचा लॅटिन उतारा त्याच्यासमोर ठेवला, तर अर्धा अर्थ त्याच्या डोक्यात आधीच तयार असतो. अनोळखी शब्द ओळखीच्या विषयातून पुढे येतो, आणि त्याचा अंदाज बांधता येतो. वाचणं म्हणजे एकेक शब्द सोडवणं नाही, आपल्याला जे माहीत आहे ते घेऊन मजकुराला भेटायला जाणं आहे, ही गोष्ट त्याने ओळखली होती.

आणि हे पुस्तक एकदा वाचून बाजूला ठेवायचं नव्हतं. तेच पुन्हा पुन्हा वाचायचं, पण दर वेळी काम वेगळं. पहिल्या फेरीत भाषांतराच्या मदतीने फक्त अर्थ. नंतरच्या फेरीत ते लिहून काढायचं. मग गुरुजी लॅटिन वाचणार आणि मुलांनी ऐकून अर्थ सांगायचा. व्याकरण त्याच्याही नंतर, आणि तेही ज्या वाक्यांचा अर्थ आधीच कळला आहे, त्या वाक्यांतूनच. आज भाषाशिक्षणाच्या वर्गात आधी आशयासाठी वाचा, मग तपशिलासाठी वाचा, असं सांगतात ना, त्याच जातीची ही शिस्त.

पुस्तक तुफान चाललं. युरोपातल्या डझनभर भाषांत आणि पुढे काही आशियाई भाषांतही त्याची रूपांतरं झाली. पोलंडमधल्या एका गावातला परागंदा मास्तर बघता बघता युरोपभर माहीत झाला.

तरी पुस्तकात एक मोठी त्रुटी होती, हेही सांगायला हवं. प्रत्येक शब्द शक्यतो एकदाच वापरायचा, असा नियम त्याने सालामांकाच्या पुस्तकाकडून उचलला होता. पण एकदाच भेटलेला शब्द लक्षात कसा राहणार? शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटला तरच आपला होतो. शिवाय नवशिक्यांना हजार वाक्यंही डोंगरासारखी वाटायची. मग त्याने १६३३ मध्ये त्याआधीची एक पायरी लिहिली, जेमतेम हजारेक शब्दांची. दाराच्या आधीचं अंगण म्हणा हवं तर.

राजे बोलावतात, युद्धं आडवी येतात

आता त्याला सगळीकडून बोलावणी यायला लागली. १६४१ मध्ये मित्रांनी त्याला इंग्लंडला नेलं. तिथे ज्ञानाची एक मोठी संस्था उभी करायची होती, आणि तेवढ्यात तिथे यादवी पेटली. वाटेत हॉलंडमध्ये तत्त्वज्ञ देकार्तची भेट झाली. पुढे स्वीडनचा चान्सलर ओक्सेनश्टेर्ना याने त्याला काम दिलं, स्वीडनच्या शाळांसाठी लॅटिनची पुस्तकं लिहिण्याचं.

गंमत अशी की कोमेनियसला स्वतःला हे काम दुय्यम वाटायचं. त्याला सगळ्या माणसांसाठी सगळं ज्ञान एकत्र मांडणारा महाग्रंथ लिहायचा होता. माणसं भांडतात ती अज्ञानामुळे, सगळ्यांना सगळं शिकवलं तर युद्धं थांबतील, असा त्याचा विश्वास होता. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना: गरिबांच्या मुलांना आणि मुलींनासुद्धा. सतराव्या शतकात हे लिहिणं सोपं नव्हतं. इंग्लंडमधले मित्रही कुरकुरले की एवढा मोठा माणूस पोरांच्या पाठ्यपुस्तकांत वेळ का घालवतोय. पण स्वीडनचा पैसा आणि पाठिंबा हवा होता. स्वीडन युद्ध जिंकलं तर आपल्या लोकांना घरी परतता येईल, ही आशाही होती.

१६४८ मध्ये तह झाला. त्या तहाने चेक निर्वासितांच्या हाती काहीही लागलं नाही. परतीची वाट कायमची बंद झाली. त्याच वर्षी त्याची दुसरी बायकोही वारली.

सापाचा स, न्हाव्याचं दुकान

१६५० मध्ये हंगेरीतल्या शारोशपातक गावच्या शाळेने त्याला बोलावलं. सात इयत्तांची आदर्श शाळा काढायचा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात तीनच वर्ग सुरू झाले. मुलांना शिकण्यात रस नव्हता, शिक्षकांना नव्या पद्धतीत नव्हता. हा गडी मात्र हटला नाही. आपल्याच पुस्तकातले धडे त्याने नाटकांत बसवले आणि मुलांना रंगमंचावर उभं केलं. शाळेत कसली नाटकं, असं म्हणणारे होतेच. पण जी पोरं वाचताना पेंगायची, ती आता लॅटिन संवाद खणखणीत म्हणायला लागली.

इथेच त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाचा आराखडा तयार झाला. चित्रं कोरणारा चांगला कारागीर तिथे मिळेना, म्हणून ते छापून यायला १६५८ उजाडलं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये ते निघालं. नावाचा अर्थ, चित्रांतलं दृश्य जग.

तुम्ही लहानपणी अंकलिपी पाहिलीय ना? कमळाच्या चित्राशेजारी क. या पुस्तकाची सुरुवात त्याच चालीची, फक्त वस्तूऐवजी आवाज. फुस्स करणारा साप स शिकवतो, बें करणारं कोकरू ब शिकवतं, गुरगुरणारा कुत्रा र शिकवतो. पोराला आवाज आधीच माहीत आहे, अक्षर तेवढं नवीन.

मग पुढे दीडशे विषय. प्रत्येकाला एक चित्र, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि खाली दोन रकाने: एकात लॅटिन, एकात जर्मन. दोन्हीकडे त्या त्या शब्दाला तोच आकडा. न्हाव्याच्या दुकानाचं पान उघडलं की चित्रात कात्री, वस्तरा, तसराळं, पंचा, कंगवा. मजकुरात कात्रीच्या शब्दापुढचा आकडा बघायचा, चित्रात तो आकडा शोधायचा, आणि अर्थ थेट डोळ्यांना दिसतो. शब्दकोश उघडायची गरजच नाही. त्या काळचे न्हावी शीर कापून रक्तही काढायचे, तेही त्या पानात आहे. पावभट्टी आहे, छापखाना आहे, मधमाश्या पाळणं आहे, गुन्हेगारांना दिल्या जाणाऱ्या भयानक शिक्षासुद्धा आहेत. मुलांपासून जग लपवायचं नाही, असं त्याचं मत दिसतं.

पुढच्याच वर्षी, १६५९ मध्ये, त्याचं इंग्रजी रूप आलं. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या युरोपातली मुलं या पुस्तकावर वाढली. जर्मन महाकवी ग्योटेही लहानपणी ते बघत होता.

चाळीस वर्षांची वही

हे पुस्तक छापून यायच्या दोन वर्षं आधी मात्र एक घाव बसला होता. शारोशपातकहून तो पुन्हा लेश्नोला आला होता. स्वीडनने पोलंडवर स्वारी केली, तेव्हा कोमेनियसने स्वीडिश राजाची जाहीर स्तुती लिहिली. ज्या देशाने आसरा दिला, त्याच देशावर चालून आलेल्या राजाची! आपल्या लोकांची सुटका होईल या आशेने माणूस काय काय करतो. पोलिश लोक भडकले. एप्रिल १६५६ मध्ये लेश्नो जाळण्यात आलं.

त्या आगीत त्याचं घर गेलं, पुस्तकं गेली, हस्तलिखितं गेली. त्यात चेक आणि लॅटिनचा एक शब्दकोश होता. विद्यार्थीदशेपासून चाळीसहून अधिक वर्षं तो त्यासाठी शब्द जमवत होता. छापायचा राहून गेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषा जगाला शिकवणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या भाषेसाठीचं काम असं राख झालं. हे दुःख मरेपर्यंत पुसलं जाणार नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. तेव्हा तो ६४ वर्षांचा होता.

मग ॲमस्टरडॅम. तिथे मानाने आसरा मिळाला. शिक्षणावरचं त्याचं सगळं लेखन १६५७ मध्ये एकत्र छापलं गेलं. शेवटच्या वर्षांत भविष्य सांगणाऱ्या काही लोकांवर त्याने फार विश्वास ठेवला, त्यावरून त्याची टरही उडाली. १५ नोव्हेंबर १६७० रोजी तो वारला. नार्डेन या डच गावात त्याला पुरलं.

त्याचा तो महाग्रंथ? अपुराच राहिला आणि हरवला. १९३० च्या दशकात जर्मनीतल्या हाले शहरात, एका अनाथाश्रमाच्या ग्रंथसंग्रहात, त्याचं हस्तलिखित सापडलं! आज चेक प्रजासत्ताकात त्याच्या जन्मदिवशी, २८ मार्चला, शिक्षक दिन असतो आणि २०० कोरुनाच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. ज्या देशात त्याला परतता आलं नाही, त्या देशाच्या खिशाखिशात तो आहे.

कोमेनियसच्या वर्गात आज बसलात तर…

• ओळखीच्या विषयापासून सुरू करा. क्रिकेट आवडतं? मग नव्या भाषेत क्रिकेटबद्दलच वाचा. फुटबॉलवेड्याने जर्मन फुटबॉलच्या बातम्या वाचाव्यात. अर्धा अर्थ तुम्हाला आधीच माहीत असेल.

• आधी चित्र, शीर्षक, आकृती बघा. मजकुरात काय असेल याचा अंदाज बांधा आणि मगच वाचायला लागा.

• पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि पुढे चला. दोन ओळी पुढे गेल्यावर त्यातले काही शब्द आपोआप उलगडतील.

• तोच उतारा तीनदा वाचा, पण दर वेळी वेगळ्या कामासाठी. आधी आशय, मग शब्द, मग व्याकरण.

• मायबोलीची लाज नको. मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचणं ही चोरी नाही. कोमेनियसच्या पुस्तकात तो अर्धा रकाना होता.

• आणि त्याची चूक टाळा. शब्द एकदाच वहीत लिहून सोडू नका. तो पुन्हा भेटेल असं काहीतरी रोज वाचा, दहाच मिनिटं का होईना.